वामनराव धनेशांची दोन वर्षांची पदवी

एका जंगलात, बाळांनो, वामनराव नावाचे एक धनेश पक्षी राहत होते. चोच भली मोठी, आणि ऐट तिच्याहून मोठी. त्यांच्या बायकोचं नाव मालन.

धनेशांची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर हातातला मोबाईल खाली ठेवा आणि ऐका. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते आणि फक्त एक फट ठेवते. मग तीन महिने नर त्या फटीतून तिला उंबरं भरवतो. त्याने आणलं तर जेवण, नाहीतर उपास.

वामनरावांनी सात वर्षं हे काम इमानेइतबारे केलं. मग त्यांना कोल्हे सर भेटले. सरांनी ओढ्याकाठी व्यवसाय महाविद्यालय काढलं होतं.

"आपण करता काय?" सरांनी विचारलं.

"फळं आणतो."

"अरेरे! म्हणजे करिअर नाही."

सरांकडे दोन वर्षांची सुटसुटीत पदवी होती. ती घेतली की पुढे पाच वाटा खुल्या होतात म्हणे. जंगलात मनुष्य एकही नव्हता, तरी 'मनुष्यबळ' हा विषय सक्तीचा होता. वामनरावांनी प्रवेश घेतला.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात मालन ढोलीत बसली. दोन पिल्लं झाली. सुरुवातीला वामनराव दिवसाला दहा खेपा करत. मग तास वाढले, खेपा घटल्या. एके सकाळी ते चोचीत सागाचं पान धरून आले.

"अहो, उंबरं?" मालनने विचारलं.

"आणतो गं. आधी या पानावरचा तक्ता बघ. माझ्या पाच वाटा!"

मालनने फटीला डोळा लावला. "यातली उंबराकडे कुठली जाते?"

"तू फार आजचा विचार करतेस. दीर्घ मुदतीचं धोरण बघ."

"धाकट्याची मान कालपासून वर होत नाहीये. त्याच्याकडे दीर्घ मुदत नाही हो."

वामनराव चरकले. पण त्यांना प्रकल्प सादर करायचा होता. विषय होता 'कुटुंबातील पुरवठा व्यवस्था'. ते गेले. प्रकल्पाला पहिला नंबर मिळाला. मला इथे फार राग येतो, पण गोष्ट सांगायला घेतलीय, तेव्हा पुढे जातो.

ऊन माथ्यावर आलं तरी उंबरं आली नाहीत. मालनने लिंपण फोडलं. पिल्लं एवढीशी असताना ढोली फोडलेली मादी त्या जंगलाने पाहिली नव्हती. ढोलीत बसून तिची पंखातली पिसं झडली होती, धड उडता येईना. फांदीफांदीवरून उड्या मारत ती उंबरापर्यंत पोचली. धाकटा वाचला.

परतताना शेजारच्या ढोल्यांतून जावा-नणंदांच्या हाका आल्या. त्यांचेही नवरे वर्गात होते. मालनने त्यांनाही भरवलं. बदल्यात त्या ढोलीतून सुटल्यावर तिच्या हाताखाली राबू लागल्या. पाहता पाहता डोंगरभर ढोलीपोच उंबरांचा धंदा उभा राहिला.

इकडे वामनराव पदवी घेऊन पाचही वाटा हिंडून आले. सगळीकडे एकच प्रश्न, "अनुभव?" शेवटी ते अर्ज घेऊन मालनपुढे उभे राहिले.

"अनुभव?" मालनने विचारलं.

"सात वर्षं फळं आणली. पण अर्जात लिहिलं नाही. सर म्हणाले, कमीपणा दिसतो."

मालनने त्यांना कामावर घेतलं. 'वरिष्ठ फलवितरण अधिकारी' असा बिल्लाही दिला. आता वामनराव छाती काढून त्याच ढोलीत तीच उंबरं नेतात. एकही खेप चुकत नाही.

तात्पर्य: बाळांनो, शिक्षण कधीही वाया जात नाही. घरात एकाने व्यवसायाची पदवी घेतली, की दुसरा उपाशीपोटी व्यवसाय शिकतो.