नावडे वसाहतीतील गारव्याची मोहीम

श्रीगजानन प्रसन्न. प्रांत नवी मुंबई, मौजे नावडे, तेथील वसाहतीत अखेरच्या मजल्यावर राहणार राजमान्य राजेश्री नंदकुमारराव इंदुलकर यांनी वैशाखमासी उष्म्यावर स्वारी केली, बहुत हार खाल्ली, आणि अखेर यश कैसे पावले, तो करीना जैसा घडला तैसा लिहिला असे. यांत पदरचे काही घातले नाही आणि कोणाची भीड धरोन काही गाळिले नाही.

राव मूळचे सातारा प्रांतीचे. महाप्याच्या कारखान्यात भांडारावर अंमलदार. देहाने काटक, स्वभावे हट्टी. घरी एसी नव्हता ऐसे नाही. पहिल्या मालकाने आतल्या खोलीच्या खिडकीत बसविलेला जुना एसी जागेवर होता, परंतु रावांनी तो कधी चालविला नाही, उलट त्यावरी टॉवेल वाळत घालीत. त्यास कारण ऐसे जे, काही वर्षांमागे शेजारीण सुनयनाबाई यांच्या एसीचे पाणी ठिबकोन रावांच्या कुटुंब नंदिनीबाई यांच्या कुरडया भिजल्या, आणि कुल वाळवण नासले. मग रावांनी भर जिन्यात सुनयनाबाईंस अद्वातद्वा बोलोन गर्जना केली की, एसी म्हणजे लोकांस छळावयाचे यंत्र, आमच्या घरी पंखा समर्थ आहे, एसी चालविणे नाही, आणि तुमच्या घरी पाऊल ठेवणे नाही. तेव्हांपासोन उभय दरबारांत बोलणे बंद, हळदीकुंकू बंद, आणि लिफ्टमध्ये गाठ पडलीच तर उभयता दारावरील सूचना वाचीत.

ऐसे असतां कन्या अबोलीबाई नववा मास लागतां बाळंतपणास माहेरी आल्या. त्या दिवसांत सूर्याने ऐसा जोर केला की गच्ची तापोन छत तव्याप्रमाणे जाहले, पंखा फिरे तो उष्ण वारा खाली लोटी, आणि खिडकी उघडावी तर हमरस्त्यावरील ट्रकांची धूळ घरात घुसे. अबोलीबाईंचे पाय सुजले, रक्तदाब चढला, आणि वैद्यीणबाईंनी बजाविले की यांस गारव्यात ठेवा, हयगय करू नका. रावांनी ऐकिले आणि मान डोलाविली. परंतु दुसरे दिवशी कारखान्यातोन घरी येतां कन्या फरशीवर ओला टॉवेल अंथरोन निजली आहे ऐसे पाहिले, तेव्हां त्यांचे मनी चर्र जाहले, आणि त्याच घटकेस त्यांनी मोहीम मुक्रर केली. मात्र प्रतिज्ञा मोडली ऐसे कोणी म्हणो नये, सबब प्रथम कूलर आणिला.

कूलराने पाणी पिऊन मोठी गर्जना केली. परंतु खाडीचा दमट वारा आधीच प्रांत व्यापोन होता, त्यात या वीराने आणिक ओल भरली, आणि अंगास चिकटा सुटला, मीठ पाझरले, पापड मऊ पडले. नंदिनीबाई म्हणाल्या, "अहो, हे काय आणलंत? घराचं न्हाणीघर झालंय." मग कूलराची रवानगी बाल्कनीत जाहली.

तदनंतर रावांनी टॉवेल दूर सारिले आणि कळंबोलीहून मारोती मेकॅनिक यास पाचारण केले. मारोती आला, त्याने जुना एसी उघडिला, आतील कबुतराचे घरटे बाहेर काढिले, जाळ्या धुतल्या, आणि बटण दाबिले. यंत्राने ट्रकासारखा आवाज करोन क्षणभर गार वारा दिला. अबोलीबाई हसल्या, रावांनी मिशीवरोन हात फिरविला, आणि तोच आतोन फट्ट ऐसा आवाज होऊन कुल घराची वीज गेली.

मारोती बोलिला, "काका, काँप्रेसर गेला. ह्याच्यात आता पैसे घालू नका. नवीन स्प्लिट घ्या, आणि मीटरपासनं वेगळी वायर ओढायला लागंल, ही जुनी लोड घेत नाय."

रावांनी तेही मान्य केले. परंतु खरा पेच पुढेच होता. नव्या एसीचा बाहेरील डबा ठेवावयास जागा एकच, ती दोन्ही घरांमधील सज्जा, आणि त्या सज्ज्यावर सुनयनाबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी. सोसायटीचा हुकूम ऐसा की शेजाऱ्याची रजामंदी असल्याविना डबा लावू नये. नंदिनीबाई म्हणाल्या, "मी जाते विचारायला." रावांनी फर्माविले की, जाणे नाही. मग दुसरी भिंत शोधिली, तेथे माणसास उभे राहावयास ठाव नाही. गच्चीची मसलत केली, तेथे सेक्रेटरींनी आडकाठी घातली. ऐसे करितां आणिक काही दिवस गेले, नवा एसी खोक्यातच राहिला, आणि अबोलीबाईंनी त्याच खोक्यावर पाय टेकोन बसावे, ऐसी अवस्था जाहली.

एके रविवारी भर दुपारी राव डुलकी काढोन उठले, तो कन्या घरी नाही. नंदिनीबाई बाजारी गेलेल्या. फोन टेबलावर पडलेला. रावांनी न्हाणीघर पाहिले, गच्ची पाहिली, खाली जाऊन पहारेकऱ्यास पुसिले, आणि ऊर धडधडत जिना चढोन परतले. वर येतां शत्रूच्या उंबरठ्याबाहेर अबोलीबाईंच्या निळ्या चपला दिसल्या. राव तेथेच थबकले. त्यांनी बेलवर बोट ठेविले, मागे घेतले, आणि पुनरपि ठेविले.

सुनयनाबाईंनी दार उघडिले आणि ओठांवर बोट धरिले.

"हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

"इथे कशी आली ती?"

"जिन्यात बसली होती, भिंतीला टेकून. म्हणाली, काकू, चक्कर येतेय. मग काय, तिथेच बसू देऊ? लिंबूपाणी दिलं, पाय उशीवर घेतले, आता बरी आहे. वहिनींना फोन केलाय मी, निघाल्यात त्या. तुम्ही झोपला होतात म्हणाली, म्हणून उठवलं नाही."

रावांनी आत नजर टाकिली. दिवाणखान्यात पडदे ओढलेले, गार अंधार, आणि कन्या कुशीवर निजोन संथ श्वास घेत होती. ऐसी निजलेली ती माहेरी आल्यापासोन त्यांनी पाहिली नव्हती.  

सुनयनाबाई हळूच म्हणाल्या, "त्या कुरडयांचं मला तेव्हाच वाईट वाटलं होतं हो. पाइप सुटला होता, कळलंच नाही. नवीन करून देणार होते वहिनींना. पण तुम्ही सगळ्या जिन्यासमोर असे ओरडलात, मग मी पण हट्टाला पेटले."

रावांनी भिंतीकडे पाहिले, छताकडे पाहिले, आणि मग ते म्हणाले, "ताई, पाणी मिळेल का थोडं?"

ज्या घरी पाऊल ठेवणार नाही ऐसी आण वाहिली, त्या घरी पाणी मागणे, यास राजकारणी लोक बिनशर्त शरणागती म्हणतात. सुनयनाबाईंनी माठाचे पाणी दिले, वर गुळाचा खडा ठेविला. रावांनी उभ्यानेच तांब्या रिता केला, आणि मग नजर खाली घालोन डब्याची गोष्ट काढिली. तह तेथेच ठरला. कलम ऐसे जे, डबा सज्ज्यावर बसवावा, परंतु उष्ण वाऱ्याचे तोंड रस्त्याकडे असावे, सुनयनाबाईंच्या फोडणीस त्याचा उपद्रव होऊ नये, पाण्याचा पाइप थेट खालच्या नळीत सोडावा, आणि पुढील वाळवण उभय घरांनी मिळोन घालावे. इतक्यांत नंदिनीबाई धापा टाकीत पोहोचल्या, आणि लेकीस पाहोन त्यांनी सुनयनाबाईंचा हात धरिला तो बराच वेळ सोडिला नाही.

दुसरे दिवशी रावांनी रजा टाकिली. मारोती कमरेस दोर बांधोन सज्ज्यावर उतरला, दोराचे टोक रावांनी जिवाच्या करारे धरिले, आणि सुनयनाबाईंनी आपल्या खिडकीतोन स्क्रू, पाने आणि चहा यांची रसद पोहोचविली. भिंतीस भोक पडले, तांब्याची नळी पार जाहली, मीटरपासोन नवी वायर आली. मग बटण दाबिले.  यंत्र निमूट राहिले, आणि मग कसलाही गाजावाजा न करितां गार वाऱ्याची झुळूक अबोलीबाईंच्या कपाळावरील केसांस लागली.

"बाबा, लागला!" इतकेच त्या बोलिल्या. राव पंख्याकडे पाहत राहिले, कारण डोळे भरोन आले होते आणि ते कोणास दाखवावयाचे नव्हते.

येणेप्रमाणे वैशाख वद्य पक्षी नावडे मुक्कामी उष्म्याचा मोड जाहला, आतली खोली हस्तगत जाहली, आणि फत्ते पावली. दोन्ही घरची मंडळी पेढे घेऊन पलंगावर दाटीने बसली. राव मारोतीस निरोप द्यावयास उंबरठ्यात उभे राहोन विजयाचा वृत्तांत सांगो लागले, तो काही केल्या सरेना. तेव्हां जिंकलेल्या मुलुखात पहिले फर्मान सुटले. ते रावांनी सोडिले नाही, नंदिनीबाईंनीही नाही. पलंगाच्या मध्यभागी चादर गुडघ्यांवर ओढोन बसलेल्या सुनयनाबाई तेथोनच कडाडल्या, "अहो भाऊ, दार लावा, गारवा जातोय सगळा!"

आणि रावांनी ते तत्काळ लाविले.