चपला बाहेर काढा

"पोरीला हुंगायला ऱ्हाऊ दे," असं म्हणत साळूबाईनं पिशवीत एक कांदा जास्तीचा टाकला, आणि लंकाबाईचं डोकं फिरलं.

"कुटल्या पोरीला?"

"तुज्या भारतीला. फिट येती न्हवं तिला? कांदा लई गुनाचा."

शेजारचा चपलावाला लगेच पुढे झाला. "काकू, त्यापरीस चप्पल बरी. पर कातडी पायजे. रबराची काय कामाची न्हाई."

भर बाजारात लंकाबाईच्या अंगाची आग झाली. भारतीला दोन वर्षांपूर्वी फिट आली, हे गावात घराबाहेर एकाच माणसाला ठाऊक होतं, शाळेच्या हेडसरांना. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पोरीला खुशाल खेळू द्या म्हणून चिठ्ठीही दिली होती. तरी शाळेत कुणाला तरी माहीत असावं, म्हणून लंकाबाईनं हेडसरांच्या खोलीचं दार लोटून हळू आवाजात सांगितलं होतं. सरांनी ते लिहून घेतलं, चिठ्ठी जोडली आणि वर लाल शाईनं 'गोपनीय' असं घातलं. सख्ख्या जावेला जे कळू दिलं नाही, ते आज कांदेवालीच्या तोंडी!

घरी आली तर भारती उंबऱ्यावर रडत बसलेली.

"आई, मला खो-खोतून काढलं. शनिवारी तिसगावला न्हेनार न्हाईत. खेळाचे सर म्हनले, मैदानात पडलीस तर जबाबदारी कुनाची?"

लंकाबाई पिशवीसकट शाळेत गेली.

"सर, माज्या पोरीचं गावभर कुनी केलं? खो-खोतून बी काढलं तिला."

"अशक्य!" हेडसर म्हणाले. "अहो, मुलांची सगळी माहिती आपण आता कॉम्प्युटरमध्ये ठेवतोय. तालुक्यात पहिली शाळा आपली! कपाटाला उंदीर लागतात, कॉम्प्युटरमध्ये कोण शिरणार? तिथं चप्पल काढल्याशिवाय मला स्वतःला आत घेत नाहीत."

त्या दिवसांत कॉम्प्युटरचा तसाच मान होता. बाजारपेठेत प्रवीणनं दुकान टाकलं, तेव्हा यंत्राला हार घातला, नारळ फोडला आणि दारावर पाटी लावली, 'चपला बाहेर काढा'. शाळेकडे स्वतःचं यंत्र नव्हतं. म्हणून कपाटातलं 'गोपनीय' लिहिलेलं गाठोडं जसंच्या तसं शिपाई गहिनीनाथच्या डोक्यावर देऊन सरांनी ते प्रवीणकडे धाडलं होतं.

"चला, दावा मला," लंकाबाई म्हणाली.

सरांची लुना चालू होईना. लंकाबाई पायीच पुढे झाली.

दुकानाच्या दारात चपलांची शिस्तीत रांग होती. आत कूलर घरघरत होता. हेडसरांचं अक्षर प्रवीणला लागत नव्हतं, म्हणून गहिनीनाथ कागद वाचून दाखवत होता, आणि कूलरच्या वरताण व्हावं म्हणून कवायतीच्या आवाजात.

"वडील दारू पितात! घेतलं का?"

"घेतलं!"

"अजून अंथरूण ओलं करतो! घेतलं?"

"घेतलं!"

खिडकीखालीच साळूबाईचा कांद्याचा ढीग होता. बाहेर बाजारानंही सगळं घेतलं.

"गहिन्या, त्वांड बंद कर!" लंकाबाई खिडकीतून कडाडली. "लेकरांच्या अब्रूचा लिलाव लावला का रं?"

"वैनी, सरांचा हुकूम हाय. पोरं झाली, आता मास्तर लोक." त्यानं पुढचा कागद उचलला. "मुख्याध्यापक सूर्यभान! गोपनीय अहवाल! साहेबांचा शेरा..."

नेमके तेव्हाच हेडसर लुना ढकलत येऊन पोचले. "अरे थांब! ते गोपनीय आहे!"

"असू द्या की, सर," लंकाबाई म्हणाली. "चप्पल काढूनच वाचतोय त्यो."

सर बुटांसकट आत धावले आणि त्यांनी बोर्डातला प्लग उपटला. कूलर थांबला, पडदा काळा झाला.

"सर, अजून सेव्ह केलं नव्हतं!" प्रवीण रडवेला झाला.

त्या धांदलीत कागद गहिनीनाथच्या हातून सुटून खिडकीतून लंकाबाईच्या पायाशी पडला. तिची चौथी झालेली होती. तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. सगळा बाजार माना उंच करून पाहत होता. मग तिनं कागदाची घडी घातली आणि गजांतून सरांच्या हातात दिली. सर घामानं निथळत होते. साळूबाई कांदा घेऊन धावली.

"ऱ्हाऊ दे," लंकाबाई म्हणाली. "फिट न्हाई ती."

"भारतीचं..." सरांचा आवाज पार खाली आला. "डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना?"

"दोन सालं झाली, तुमच्याच कागदाला टाचलीया. वाचली असती तर दिसली असती."

"मग... खेळेल ती."

"आनि ह्ये गाठोडं?"

ते गाठोडं सरांनी स्वतः लुनावर बांधून नेलं.

शनिवारी भारती पळाली, पडली, उठून पुन्हा पळाली. पडली तेव्हा गावातल्या चार बायकांचे हात पिशव्यांतल्या कांद्याकडे गेले. लंकाबाईनं नुसतं वळून बघितलं, तसे ते मागे आले.

पुढच्या बाजारी साळूबाईनं कांदे तोलले, वर मूठभर जास्तीचे टाकले आणि कानाशी तोंड नेलं. "माज्यापाशी बोल. हेडमास्तरच्या कागदात काय हुतं गं?"

लंकाबाईनं जास्तीचे कांदे एक एक करून ढिगावर परत ठेवले.

"मी काय कॉम्प्युटर हाय व्हय?"