रागावणं नंतर

शिंपीकाकांना आज फक्त बेशुद्ध पडायचं होतं, आणि तेही बरोबर तीन वाजता.

विद्यापीठात शिकणारी त्यांची लेक मैत्रिणींबरोबर एक गट चालवायची. नशेच्या गोळ्यांबद्दल खरं काय ते सांगायचं, आणि कुणी जास्त घेऊन पडलाच तर त्याला वाचवायचं कसं, ते शिकवायचं. कुलसचिवांना हे पटत नव्हतं.

"नशा करू नका, एवढं सांगा की!"

"ते सांगतोच सर. पण ज्याने केलीच, त्याला मरू द्यायचं का?"

"वेळ आली की तुमची मुलं घाबरून पळतील. लिहून ठेव."

आज प्रात्यक्षिक बघून गटाची खोली ठेवायची की काढून घ्यायची, ते कुलसचिव ठरवणार होते. रुग्ण व्हायला मैत्रिणी चालत नव्हत्या. कुशीवर वळवलं की हसायच्या. काका हसण्यातले नव्हते. बायको गेल्यापासून आठ महिने ते रात्री नुसते छताकडे बघत पडायचे. गटाच्या हिरव्या दंडपट्ट्या मात्र त्यांनी दुहेरी शिलाई घालून शिवून दिल्या होत्या.

काका दोनलाच पोचले. खोलीला कुलूप होतं आणि लेक कुलसचिवांना आणायला गेली होती. काकांनी पित्ताची गोळी घेतली आणि बाहेरच्या बाकावर टेकले. ऊन उबदार होतं. घरात आठ महिने न आलेली झोप तिथे अशी आली, की काका तोंड उघडं टाकून आडवे झाले.

वाचनालयाकडे निघालेल्या दोन मुलींनी त्यांना पाहिलं. पहिल्या वर्षाच्या त्या मुली आठवड्यापूर्वीच गटाकडून शिकल्या होत्या. चष्मेवालीने हाका मारल्या, खांदे हलवले. वेणीवालीला बाकाखाली गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं.

"श्वास?"

"चालू आहे. तू रुग्णवाहिका बोलाव."

दोघींनी त्यांना अलगद खाली घेऊन कुशीवर वळवलं, वरचा गुडघा वाकवला. काकांना जाग आली.

"अहो, मी ठीक आहे!"

"सगळे असंच म्हणतात काका. हलू नका. काय घेतलंत? आम्ही रागावणार नाही."

"पित्ताची गोळी."

"किती?"

"एक."

"पाकीट तर दहाचं आहे."

"बाकीच्या नऊ आधीच्या दिवसांत घेतल्या, पोरी!"

"शेवटची नीट झोप कधी लागली होती?"

"आठ महिन्यांपूर्वी."

वेणीवालीने ते हातावर लिहून घेतलं.

तेवढ्यात कुलसचिवांना घेऊन लेक आली. जमिनीवर वडील, वेणीवालीच्या हातात रिकामं पाकीट, जिन्यावरून धावत येणारा रुग्णवाहिकेतला डॉक्टर. स्वतःच शिकवलेलं सगळं ती क्षणात विसरली.

"बाबा! काय करून बसलात हे? माझा विचार तरी..."

"ताई, बाजूला व्हा," चष्मेवाली शांतपणे म्हणाली. "हवा येऊ द्या. रागावणं नंतर."

लेक मुकाट्याने बाजूला झाली. कुलसचिवही झाले.

डॉक्टरने नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. "यांना झोपेशिवाय काहीही झालेलं नाही. पण बोलावलंत ते बरोबर केलंत."

"हे प्रात्यक्षिक होतं की खरं?" कुलसचिवांनी विचारलं.

लेक रडवेली झाली होती. "सर, चुकून झालं. प्रात्यक्षिक तीनला आहे."

"आता ते कशाला? ठरवून केलेल्यावर मी विश्वास ठेवला नसता. खोली राहू दे तुमच्याकडे."

ते गेल्यावर काकांनी चष्मेवालीला विचारलं, "रागावणं नंतर, हे कुणी शिकवलं गं?"

"ताईंनी. आमचा पहिला नियम आहे तो."

काकांनी लेकीकडे पाहिलं. लहानपणी ती गुडघे फोडून आली की तिची आई हेच म्हणायची. आधी जखम धुवायची, पट्टी बांधायची, आणि मग सवडीने तासभर रागवायची.

"आईचंच आहे ते," लेक म्हणाली. "तासभराचं तेवढं गाळलं."

काका आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले. लेकीने खोली उघडून गादी घातली, तेव्हा जरा पाठ टेकतो म्हणाले, आणि पुन्हा घोरू लागले.

संध्याकाळपर्यंत दारावर एक कागद होता : 'आत आमचे काका झोपले आहेत. दर दहा मिनिटांनी श्वास तपासत आहोत. कृपया रुग्णवाहिका बोलावू नये.'