दहा मिनिटांचं अपग्रेड

"दहा मिनिटं! चहा निवायच्या आत काम फत्ते!" साइटवाल्यानं जाहीर केलं आणि कडाकडा बोटं मोडली.

जेवणाच्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला त्याची बायको आपलं ऑफिसचं काम करत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "बॅकअप घेतलास?"

"बॅकअप भित्रे लोक घेतात!"

हा माणूस घरबसल्या लहानसहान धंदेवाल्यांच्या वेबसाइट बनवायचा. आज अपग्रेड करायची होती ती खुद्द सासऱ्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची साइट. सासऱ्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. शेजारी कोणीही गाडी चालवत असो, यांचा पाय सतत ब्रेक दाबत असायचा. जावयाच्या हाती तर त्यांनी तीन वर्षांत गाडीची किल्लीसुद्धा दिली नव्हती! साइट मात्र दिली होती. आणि अकरा वाजता गावातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका सासऱ्यांच्या ऑफिसात ती बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडली, तर त्यांच्या बारा शिक्षिका गाडी शिकायला येणार. त्याआधी साइट झटपट उघडायला हवी, म्हणून हा अपग्रेडचा घाट. आज सासऱ्यांकडून एकदा तरी शाबासकी मिळवायचीच, असं साइटवाल्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

दहा चाळीसला त्यानं बटण दाबलं. साइट खरोखरच झटकन उघडली! सासऱ्यांचा स्टिअरिंग धरलेला फोटो जागच्या जागी होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं :

'घाबरू नका. डोळे मिटा. काही कळायच्या आत सगळं संपलेलं असेल!'

साइटवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली.

झालं होतं असं. त्यानं आयुष्यात एकच साइट मन लावून बनवली होती, एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची. बाकी सगळ्या तिच्याच नकला! जुना मजकूर न पुसता त्याच्यावर नवा मजकूर तो थेट साइटच्या साच्यातच लिहून मोकळा व्हायचा. अपग्रेडनं जुना साचा फेकून नवा बसवला. गाड्यांचा मजकूर साच्याबरोबर गेला आणि खालचे डॉक्टरीणबाईंचे दात बाहेर आले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही! किरकोळ!"

दहा पन्नास झाले. सगळं नव्यानं लिहायला वेळ कुठला? पण हार मानणाऱ्यातला तो नव्हताच. त्यानं शक्कल लढवली आणि साइटला हुकूम सोडला : जिथं जिथं 'दात' असेल, तिथं तिथं 'गाडी' कर! साइटनं निमूटपणे ऐकलं.

'गाडी दिवसातून दोनदा ब्रशनं घासा. झोपताना गाडी काढून पाण्याच्या वाटीत ठेवा.'

बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिनं ते वाचलं आणि तोंडावर हात दाबून ती थेट खुर्चीतच बसली.

"हसू नकोस! बाबांना फोन कर. मुख्याध्यापिकांना बोलण्यात गुंतवून ठेवा म्हणावं!"

बायकोनं फोन लावला, दोन शब्द ऐकले आणि ठेवला. "अरे, त्या आल्यासुद्धा! साडेदहालाच!"

मग साइटवाला इरेला पेटला. चहावर साय धरली, पाठीला रग लागली, पण पठ्ठ्या मान वर करेना. आठवेल तसं एकेक वाक्य तो लिहीत गेला. 'अनुभवी प्रशिक्षक.' 'सुरक्षित वाहन, सोयीची वेळ.' अकरा वीसला शेवटचा दात उपटला गेला आणि त्यानं घाम पुसला. तेवढ्यात फोन वाजला. ब्रेकमास्तर!

"जावईबापू, हे काय केलंत?"

"बाबा, चुकलं माझं, पण आता सगळं..."

"चुकलं कसलं! बाईंना गाडीची भयंकर धास्ती. ते 'घाबरू नका, डोळे मिटा' वाचून पोट धरधरून हसल्या. म्हणाल्या, घाबरणाऱ्याच्या मनातलं ओळखणारा पहिला माणूस भेटला! बाराच्या बारा शिक्षिका येतायत, तेराव्या त्या स्वतः! त्यांना ते शाळेत दाखवायचं होतं, तर बघता बघता मजकूर गायब! आता तिथं कसलंसं मिळमिळीत आलंय. कोणी लिहिलं हे?"

"मी," साइटवाला पुटपुटला.

"आणि आधीचं? तेही तुम्हीच ना?"

तीन वर्षं वाट पाहिलेली शाबासकी एका 'हो'वर येऊन थांबली. समोर बायको हाताची घडी घालून उभी होती.

"दातांच्या डॉक्टरीणबाईंनी," तो म्हणाला.



"त्यांचा नंबर पाठवा. यापुढे लिहायचं काम त्यांच्याकडे. तुम्ही अपग्रेड तेवढं करा," ब्रेकमास्तर म्हणाले. "पण मला शेजारी बसवून!"