हरकचंद शेटजींस सभेचे बोलावणे गेले त्याची हकिगत

श्री. ज्याने शिक्का दिला आणि शिक्क्याखाली काय लिहिले आहे हे पुसण्याची बुद्धी दिली नाही, त्या दैवतास साष्टांग नमस्कार करून लिहितो. शके सतराशे बारा, साधारणनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एके राज्यात ऐसे वर्तमान जाहले की, अठरा देशींचे खजिनदार एके ठायी मिळवून द्रव्याचा विचार करावा, ऐसी दिवाणसाहेबांची मर्जी जाहली. मग मांडव घातला आणि गाद्या घातल्या आणि पाहुण्यांचे गळ्यात घालावयास नावांच्या पाट्या केल्या, आणि सर्व सिद्धता जाहलियावर ध्यानी आले की, बोलणार कोण हे कोणी ठरविलेच नाही. तेव्हा दिवाणसाहेब बोलिले, "हरकचंद शेटजींस बोलवा. बारा शहरी त्यांची पेढी. ते बोलतील ते अठरा देश ऐकतील." आणि गिरमाजी मुकुंद चिटणीस, तीन पिढ्यांचे लिहिणार, मोठे भिडस्त गृहस्थ, यांस आज्ञा जाहली की पत्र लिहावे, आणि सभेत भाषण न जाहले तर चिटणिशी गेली ऐसे समजावे.

गिरमाजीपंतांनी विचार केला की, सावकार मनुष्यास अलंकार काय कामाचे, त्यास हुंडीचे वळण कळते. म्हणून हुंडीचेच वळणाने लिहिले की, "एकविसावे दिवशी सभेत भाषण एक, अर्धे घटकेचे, बिनतक्रार रुजू व्हावे, पत्र आणील त्याचा हक्क." आणि खाली आपली सही केली आणि सरकारी शिक्का केला आणि स्वतःवरच खूष जाहले. शेटजींनी येऊन बोलावे, ही दोन अक्षरे मात्र लिहावयाची राहिली. असो, होते ऐसे शहाण्या माणसाचे.

मग पंधरावे दिवशी पंत पालखी घेऊन शेटजींस आणावयास गेले. शेटजींनी विडा दिला आणि म्हणाले, "पत्र पावले. पाठीवर आमची सही करून पलीकडील गावचे सावकार गुणाप्पा शेट्टी यांस विकले. नफा बरा जाहला." पंतांचे हातचा विडा हातीच राहिला. म्हणाले, "शेटजी, ते आमंत्रण होते. आपण सभेत बोलावे म्हणून." शेटजी म्हणाले, "मी? पंत, चाळीस वर्षे तोंड उघडले नाही म्हणून पेढी राहिली." "मग भाषण म्हणजे आपण काय समजलात?" "समजलो नाही. सरकारचा शिक्का आहे आणि पत्र आणील त्यास मिळणार आहे, इतके पुरे. गुणाप्पानेही पुसले नाही." पंतांस ऐसे वाटले की आपणच काही चुकीचे ऐकितो आहो. पालखी रिकामीच फिरविली आणि गुणाप्पाचे गावी गेले. तेथे कळले की भाव चढता पाहून गुणाप्पाने पत्र मैराळ तांबोळ्यास दिले आणि मोबदला विड्याच्या पानांचे बांधलेले सहा डाग, म्हणजे गठ्ठे, घेतले, आणि तांबोळी कोठे गेला हे कोणास ठाऊक नाही. पंतांस रडू आले आणि ते रडलेही, आणि भोयांनी दुसरीकडे पाहिले.

एकविसावे दिवशी पंत हात हालवीत राजधानीस आले, तो मांडवाचे दारी मैराळ तांबोळी पत्र घेऊन उभा. म्हणे, "माझे भाषण द्या. सहा डाग मोजलेत." शिपाई हसले. परंतु दिवाणसाहेबांनी पत्र पाहिले, उलटून पाहिले, पुनः सुलट पाहिले आणि बोलिले, "शिक्का खरा. मुदत आजची. सही गिरमाजीपंतांची. हुंडी ज्याने लिहिली त्याने भागवावी, ही सर्व देशींची रीत. पंत, चढा वर." आणि पाटी दुसरी नव्हती म्हणून हरकचंद शेटजींचीच पाटी पंतांचे गळ्यात घातली आणि तांबोळ्यास पुढे गादीवर बसविले.

पंत वर चढले. द्रव्यशास्त्र त्यांस काय ठावे. म्हणून जे घडले तेच सांगितले की, मी एक कागद लिहिला, त्यामागे काहीच नव्हते. एकाने घेतला, दुसऱ्याने अधिक भावाने घेतला, तिसऱ्याने आपले घरचा माल दिला, आणि कागदात काय आहे हे कोणी वाचले नाही. मला अद्याप उमजले नाही की यात लबाड कोण. इतके बोलून पंत खाली बसले, आणि अठरा खजिनदारांनी एकमेकांकडे पाहणे टाळिले. एकाने तर पागोटे काढून कपाळ पुसले. आपापले देशी कोणकोणते कागद ठेविले आहेत, हे बहुधा त्यांस आठवले असावे. मग टाळ्या ज्या जाहल्या त्या मांडवाचे कनातीपर्यंत गेल्या. ऐसे खोल भाषण ऐकिले नाही, ऐसे सर्वांचे मत पडले. दिवाणसाहेबांनी तांबोळ्यास पुसले, "पावले?" तो म्हणाला, "पावले म्हणायचे. पण आता हे घरी न्यावे कसे?"

चिटणिशी राहिली. वर पंतांस शाल दिली आणि पुढील वर्षाचे बोलावण्याचे पत्र, त्यांचेच नावचे, शिक्क्यासहित हाती दिले. पंत मांडवाबाहेर येऊन ते पत्र न्याहाळीत उभे राहिले. तांबोळी जवळ आला, शिक्का पाहिला आणि हळूच म्हणाला, "पंत, काय घ्याल?" पंतांनी एकवीस दिवसांत प्रथमच न गोंधळता उत्तर दिले, "बारा डाग."

येणेप्रमाणे सभा पार पडली, पाहुणे सुखरूप गेले, पंतांचे घरी पाने पुष्कळ जाहली. पत्र हल्ली कोणापाशी आहे, हे लिहिते समयी कळले नाही. भाव मात्र चढताच आहे, ऐसे ऐकितो.