वकिलांचं अशील

हिशेब विभागातल्या त्या गृहस्थांना सगळे 'वकील' म्हणत. ऑफिसात फुकटचं, मुक्त सॉफ्टवेअर त्यांनीच आणलं होतं, आणि त्याच्याविरुद्ध कुणी ब्र काढला की ते बाह्या सरसावत. इंटरनेटवर कुणा परक्याने 'हे मंद चालतं' असं लिहिलं, तरी वकिलांचं पानभर उत्तर तयार! 'माझ्या भावाच्या फोनला कधी इतक्या तत्परतेने उत्तर दिलं नाही,' असं त्यांची बायको म्हणे.

पण साहेबांची दरपत्रकाची फाईल उघडेपर्यंत चहा गार होई. शेवटी साहेबांनी बजावलं, उद्या सगळ्यांसमोर फाईल झटकन उघडून दाखवा. नाहीतर जुनं विकतचं परत आणतो, आणि पुन्हा सल्ला द्यायला येऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वकिलांना स्वस्थता नव्हती. तीनदा खुर्ची बदलली, चष्मा पुसून पुसून काच झिजवली. सगळे जमले. फाईलवर टिचकी मारली, आणि पडद्यावरचं चक्र जात्यासारखं फिरत बसलं.

"वकीलसाहेब, तोवर भाजी निवडून घेऊ का?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

एकदाची फाईल उघडली. घाईत वकिलांच्या हातून माऊस ओढला गेला आणि पानाच्या माथ्यावरचा ऑफिसचा लोगो बाजूला सरकला. खाली दुसरा लोगो! तो सरकवला, खाली तिसरा. कांदा सोलावा तसे लोगो निघत राहिले. पडदा भरला तरी संपेनात. फाईल जड होणारच!

ही फाईल हाताळायचे एकटे साहेब. वकिलांनी मान वळवली. साहेब पंख्याकडे बघत होते. मग खाली वाकून वकिलांच्या कानात पुटपुटले, "लोगो फिका दिसायचा हो. म्हणून रोज त्यावर आणखी एक ठेवायचो."

"मग दोष कुणाचा?" टायपिस्टबाई मागून म्हणाल्या.

उभ्या जगाशी भांडलेले वकील म्हणाले, "सॉफ्टवेअरच मंद आहे."

साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. विकतचं सॉफ्टवेअर आलं. त्यात तीच फाईल उघडायला घेतली, तर चक्र फिरतंय ते फिरतंयच.

साहेबांनी वकिलांना केबिनमध्ये बोलावलं. "हेही मंदच निघालं. कंपनीला एक खरमरीत पत्र लिहा. तुम्हाला सवय आहे."

वकिलांनी पत्र लिहून समोर ठेवलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मजकूर फक्कड होता. फक्त वरचा लोगो त्यांना जरा फिका वाटला.