शेवटच्या पंगतीची कढी

आमच्या कल्याणच्या आळीत लग्न असो की मुंज, आबाकाका मांडवात शिरण्याआधी स्वयंपाकघरात शिरत आणि रिकाम्या पातेल्यांत डोके घालीत. "कल्हई दाखवा!" हाच त्यांचा नमस्कार. कल्हई उडून पितळ जरा पिवळे दिसले की भांडे परड्यात उपडे. मग यजमान रागावोत की रडोत. बायका म्हणत, "नवरी पाहायला गेले, तरी आधी पातेलंच पाहतील!" पण बायको वारल्यावर काका कुठे नवरी पाहायला गेले नाहीत. एकटेच राहिले.

मी बी. ए. झालो, तेव्हा वडिलांनी जेवण घातले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दारातच वडील म्हणाले, "आबा, आज आमची लाज राखा. भांडी पाहू नका." काका भांडी न पाहता पुरुषांच्या पंगतीला बसले.

उन्हे कलल्यावर बायका जेवल्या आणि थोड्याच वेळात एकेक ओकू लागली. "पटकी आली!" अशी ओरड झाली. माझी विधवा आत्या आदल्याच दिवशी ठाण्याहून आली होती. तिचा उपास होता, म्हणून ती जेवली नव्हती. "एवढ्या बायका आजारी, आणि ही धडधाकट! हिनेच आणली पटकी. गावाबाहेर धाडा हिला," आळीतले लोक म्हणू लागले. माझ्या आईमागे मला वाढवले ते या आत्याने. ती बोचके बांधू लागली.

काका घरोघर फिरू लागले.

"काशीबाई, कढी किती वेळा घेतलीत?"

"मेले नाही मी अजून, पंचनामा कसला करता?" काशीबाई कण्हल्या. "दोनदा घेतली."

"चव?"

"तोंड कसंसंच झालं. पण पोराच्या बी. ए.चं जेवण, पानात टाकायचं कसं?"

कढी खाल्लेली प्रत्येक बाई आजारी होती. न खाल्लेली एकही आजारी नव्हती. पुरुषांनाही काही झाले नव्हते. काकांनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन पातेले उजेडात धरले. पुरुष जेवल्यावर उरलेली कढी त्यात ओतून ठेवली होती, आणि तळाला कल्हईचा पत्ता नव्हता. शेजारी पाठवलेले वाडगे त्यांनी परत आणवले, सगळी कढी परड्यात खड्डा करून पुरली आणि अंगणात उभे राहून ओरडले, "पटकी नाही! बिनकल्हईच्या पितळेत कढी कळकली आहे!"

मग आत येऊन आत्याला म्हणाले, "यमे, सोड ते बोचकं."

"दादा, कसं ओळखलंत?"

काकांनी हातातले पातेले उपडे घातले.

"आमची ही गेली, तेव्हाही शेवटच्या पंगतीलाच झालं होतं. आम्ही पुरुष जेवून निजलो होतो. तिनं काय खाल्लं, हे मी कुणाला विचारलंच नाही."

बायका दोन-चार दिवसांत उठल्या. पुढे माझ्या लग्नात काका पुरुषांबरोबर बसलेच नाहीत. बायकांची पाने मांडल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात वाटी घेऊन आले. कढीचा घोट त्यांनी तोंडात धरला, सावकाश गिळला आणि तसेच उभे राहिले. बायका पानांवर हात आवरून बसल्या होत्या. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही.

"वाढा," काका म्हणाले.